घोट आणि चूळ

वाईनचा एक घोटही मी आजवर जाणूनबुजून घशाखाली जाऊ दिलेला नाही. चाखली आहे मात्र चारशे सतरा वेळा. आकडा माझ्या वहीतला आहे. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, द्राक्षाची जात, वर्ष आणि दोन-तीन ओळी. नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आठ माणसं जमतात, सहा बाटल्या उघडतात आणि त्यांच्याबद्दल आम्ही दोन-अडीच तास बोलतो. पावसाळ्याचे चार महिने हे बंद असतं. लोकांना वाटतं मी चातुर्मास पाळते. तसं काही नाही. पावसात आमच्या भिंतींना ओल येते, तिचा वास पेल्यात शिरतो आणि कुठलीही वाईन बुरसटलेलीच वाटते.

"मावशी, हे म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी," असं माझा भाचा म्हणतो. पण साबुदाण्याने निदान पोट तरी भरतं. माझं पोट रिकामं राहतं आणि जीभ तेवढी जेवून उठते. हा उपास पाळणं झालं की मोडणं, एवढ्या एका प्रश्नावर माझी अकरा वर्षं निघाली आहेत.

शपथ आजीने घातली होती. साल १९६४, मी नऊ वर्षांची. आजी माळकरी. त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर दर वर्षी पायी पंढरपूरला जायची. तिचा धाकटा मुलगा, माझा काका, दारूने गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. तेव्हा दारूबंदी होती, म्हणजे हातभट्टीची मिळत होती. काकाचे दिवस झाल्यावर आजीने आम्हा सात नातवंडांना तुळशीपुढे उभं केलं, प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पान ठेवलं आणि एक वाक्य वदवून घेतलं. मला ते वाक्य आठवतं असं : दारू पिणार नाही. माझ्या चुलतभावाला आठवतं असं : दारू तोंडाला लावणार नाही. आजी १९८३ साली गेली. बाकीच्या पाच जणांची साक्ष घ्यावी तर तिघांनी शपथ केव्हाच मोडली आहे आणि मोडणाऱ्याला वाक्य नेमकं काय होतं याची फिकीर नसते.

मी एकतीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र आणि भारतीय तत्त्वज्ञान शिकवलं. मीमांसकांची सारी हयात असल्या वाक्यांवर गेली. निषेधाचं त्यांचं ठरलेलं उदाहरण 'कलंज' नावाच्या पदार्थाचं. तो खाऊ नये. कलंज म्हणजे काय यावरही एकमत नाही, विषारी बाणाने मारलेल्या जनावराचं मांस असं काहीजण सांगतात. पण मीमांसकांना पदार्थाशी कर्तव्य नव्हतं. त्यांचा प्रश्न असा, की 'खाऊ नये' हे वाक्य नेमकं काय काम करतं? उत्तर असं, की ज्याला खायची ओढ आधीच लागली आहे त्याला ते मागे फिरवतं. ओढच नसेल तर फिरवायचं कुणाला? वर्गात मुलांना हे आवडे. मला वाईनची ओढ कधीच नव्हती, म्हणून शपथ मला लागूच नाही, असा निष्कर्ष यातून काढता येतो. तो मी काढलाही होता. पण आजीच्या डोळ्यांपुढे तो मांडून पाहिला आणि घडी घालून ठेवून दिला.

मनूकडे जाऊन तर काहीच उपयोग नाही. अकराव्या अध्यायात माणसाला जातिभ्रष्ट करणाऱ्या गोष्टींची यादी आहे, त्यात मद्याचा नुसता वास घेणंसुद्धा आहे. म्हणजे मी थुंकते की गिळते हा प्रश्न पुढचा, मी पेला नाकाशी नेते तिथेच मनूच्या लेखी सारं आटोपलेलं असतं.

हे सारं सुरू झालं ते एका विद्यार्थ्यामुळे. निवृत्तीला वर्षभर होतं तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो एका वायनरीत पाहुण्यांना वाईन चाखवण्याच्या कामावर लागला होता. त्याला एक कागद पाठ करायला दिला होता. सॉव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या वाईनला 'गूजबेरी'चा वास येतो, असं त्यात लिहिलेलं. "मॅडम, शब्दकोशात गूजबेरी म्हणजे आवळा दिलंय. मी पाहुण्यांना आवळा सांगतो. पण मला तर आवळ्याचा वास येत नाही." येणार कसा? कागदातली गूजबेरी युरोपातली, वेगळंच फळ. ते त्यानेही पाहिलेलं नाही आणि त्याच्या पाहुण्यांनीही नाही. सगळे मिळून न पाहिलेल्या फळाच्या वासाला माना डोलवत होते. ईश्वराबद्दलच्या कित्येक चर्चा मी अशाच होताना ऐकल्या आहेत.

तो बाटली घेऊन आला होता. मी शपथेचं सांगितलं. तो म्हणाला, "प्यायची नाहीच मॅडम. आम्ही थुंकतो." हे मला नवीन होतं. व्यवसाय म्हणून चाखणारी माणसं दिवसाला वीस-तीस वाईनी चाखतात, त्या गिळल्या तर पाचवीपासून पुढे जीभ कामातून जाईल, म्हणून तोंडात घोळवून थुंकतात. म्हणजे चूळ भरतात. मराठीत याला स्वतंत्र शब्द आहे याचा मला त्या दिवशी विलक्षण आनंद झाला. घोट आत जातो, चूळ बाहेर येते. माझी शपथ घोटाबद्दल होती, असं मी त्या संध्याकाळी ठरवून टाकलं. मोरीजवळ उभी राहिले आणि चूळ भरली.

पेरू. अर्धवट पिकलेला, हिरवट सालीचा. आणि त्यामागून कापलेली ढोबळी मिरची. मी त्याला म्हटलं, तुझ्या पाहुण्यांना हे सांग. पुढे त्यानेच वाचून सांगितलं की सॉव्हिन्यों ब्लांकमध्ये आणि ढोबळी मिरचीत एकाच कुळातली रसायनं असतात, पायराझिन म्हणतात त्यांना. भास नव्हता तर. शिराझमध्ये मिऱ्याचा वास येतो तोही तसाच, मिऱ्यातलंच एक द्रव्य त्या द्राक्षाच्या सालीत सापडतं. मग आम्ही मराठी शब्दांची यादी करायला बसलो, यादीसाठी माणसं जमवली आणि त्याचीच पुढे दुसऱ्या शनिवारची बैठक झाली.

बैठकीच्या तयारीबद्दल लोक विचारतात म्हणून थोडं सांगते. त्या दिवशी घरात उदबत्ती नाही. गजरा आणि अत्तर दाराबाहेर. दुपारनंतर फोडणी नाही. टेबलावर पांढरं धुतलेलं धोतर अंथरते, रंग त्यावरच नीट कळतो. पेले तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते, म्हणजे वास आत कोंडतो. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीतून पन्नास-पन्नासचे पंधरा वाटे निघतात, माणसं आठच, उरलेली वाईन ज्याने बाटली आणली तो घरी नेतो. बाटल्या मी यजमानांच्या जुन्या पायमोज्यांत घालते, म्हणजे नाव-किंमत दिसत नाही. मोजे धुतलेले असतात, हे दर वेळी सांगावं लागतं. खायला चुरमुरे आणि बिनमिठाची ज्वारीची भाकरी. चिवडा आणि शेव आणणाऱ्याला मी परत पाठवलेलं आहे. सगळ्यांकडे सरकारी परवाना. मद्य बाळगायची आणि प्यायची ही मुभा महाराष्ट्रात प्रकृतिस्वास्थ्यासाठी म्हणून मिळते, यावर दर वर्षी एकदा तरी हसून होतं.

अडचण एकच, थुंकायची. परदेशात ती कुणाला वाटत असेल-नसेल, आपल्याकडे चारचौघांत, टेबलाशी बसून, शेजारच्याच्या देखत पातेल्यात थुंकायचं म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचं उष्टं-खरकटं अंगावर येतं. आजोबांच्या घरची पितळी पिकदाणी मी माळ्यावरून काढली तेव्हा कुठे बायका मोकळ्या झाल्या. पिकदाणीला निदान घराण्याची अब्रू असते. पुरुषांची तक्रार निराळी. "पैसे मोजलेत काकू, थुंकायचं कशाला?" असं एका बँकेतल्या गृहस्थांनी विचारलं. पहिल्या दिवशी त्यांनी सहाही वाटे गिळले. चौथ्या वाईनला त्यांना मोहरी आठवली, पाचवीला शाळा आणि सहावीला रडू आलं. पुढच्या वेळी ते पिकदाणी मांडीजवळ घेऊन बसले.

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' मी दर वर्षी शिकवत असे. त्यात रस सहा सांगितले आहेत आणि गंध मोजून दोन : सुगंध आणि दुर्गंध. संपली यादी. कॅलिफोर्नियातल्या ॲन नोबल यांनी १९८४ साली वाईनच्या वासांचं एक चक्र तयार केलं, त्यात शंभरावर शब्द आहेत. आमच्या नैयायिकांची दोनावर बोळवण पाहून मुलं हसत आणि मीही हसत असे. पण त्याच नैयायिकांनी म्हटलं आहे की गंध हा फक्त पृथ्वीचा गुण. पाण्याला, तेजाला, वायूला स्वतःचा गंध नाही, जिथे वास आला तिथे मातीचा अंश आहे असं समजावं. वाईनवाले ज्या 'मातीच्या चवी'बद्दल चढ्या भावात बोलतात तिचं याहून ठाम विधान मला कुठे मिळालं नाही. कौटिल्यानेही सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटलं आहे आणि त्याचे प्रकार सांगताना कापिशायन आणि हारहूरक अशी देशांवरून पडलेली नावं दिली आहेत. 'नाशिक व्हॅली' हे भौगोलिक मानांकन आत्ता मिळालं, रीत जुनी आहे.

आणि तुरट! युरोपी पुस्तकांत तुरटपणाला चवीचा दर्जा नाही, तो स्पर्श मानतात. जिभेवरची बुळबुळ आकसते, एवढंच ते. आपल्याकडे तो सहा रसांतला एक, मुलाला तिसरीत माहीत असतो. लाल वाईनबद्दल बोलताना इंग्रजी शाळेतली माणसं अडखळतात आणि मराठी शाळेतली पटापट सांगतात : सुपारी, हिरडा, जांभळाची बी, कच्चं केळं. एकीने तर 'लग्नातल्या विड्यातला कात' असं सांगितलं आणि तिचं बरोबर होतं. कडू आणि तिखट यांचा घोळ मात्र आपण करून ठेवला आहे. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. आपण कटूचं कडू केलं. ग्रंथ वाचताना हे विसरलं की मिरी कडू होते आणि कडुनिंब तिखट.

एवढं सारं बोलायला लागल्यावर माणसाला आपल्या जिभेचा गर्व होतो. माझा गर्व भाच्याने उतरवला. त्याने एका मोज्यातून लाल वाईन ओतली. मी वहीत लिहिलं : करवंद, लवंग, थोडं जुनं लाकूड. ती पांढरी शेनां ब्लांक होती, खायचा लाल रंग घातलेली. त्याने हे कुठेतरी वाचलं होतं. बोर्दो विद्यापीठात वाईनशास्त्राच्या चोपन्न विद्यार्थ्यांना अशीच बिनवासाच्या रंगाने लाल केलेली पांढरी वाईन दिली आणि त्यांनी तिच्यासाठी लाल वाईनचेच शब्द वापरले, हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. ते विद्यार्थी होते, मी शिक्षिका. मग मी लिहिलेलं करवंद होतं कुठे? पेल्यात नव्हतं. माझ्या डोळ्यांनी ते नाकात ठेवलं. शांकर वेदान्ताचा दोरीवरचा साप मी एकतीस वर्षं फळ्यावर काढला, पण तो मला चावला त्या शनिवारी.

याच्या उलट एक गोष्ट तत्त्वज्ञ ह्यूमच्या १७५७ सालच्या निबंधात आहे, त्याने ती डॉन किहोटेच्या कथेतून घेतली. दोघा जाणत्यांना एका पिंपातली वाईन चाखायला देतात. एक म्हणतो छान आहे, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणतो, किंचित लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याचा बंद बांधलेली लोखंडी किल्ली निघते. माझ्या पिंपात किल्ली नव्हती आणि तरी मला लोखंड लागलं. तेव्हापासून वहीत मी प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना वाढवला आहे : 'डोळे मिटून?'

आता धर्माचं. बैठकीला येणाऱ्यांपैकी दोघं-तिघं मला आडून सांगतात की हे एक प्रकारचं ध्यानच आहे. तसं म्हणायला आधार आहे. काश्मिरी शैवांच्या 'विज्ञानभैरवा'त एकशे बारा धारणा आहेत, त्यातली एक खाण्यापिण्यातून उसळणाऱ्या आनंदाचीच आहे. त्या उसळीच्या क्षणी त्या भरलेपणावर मन ठेवावं, असं ती सांगते. भरताने नाट्यशास्त्रात रस समजावताना सरळ जेवणाऱ्या माणसाचंच उदाहरण घेतलं, प्रसन्न मनाने जेवणारा चव घेतो तसा प्रेक्षक नाटकाची घेतो. अभिनवगुप्ताचा त्यासाठीचा शब्द तर 'चर्वणा'. तोंडात पन्नास मिलिलिटरचा चौथा हिस्सा घेऊन डोळे मिटून बसलेली आठ माणसं पाहिली की मलाही क्षणभर पटतं. त्या दहा सेकंदांत कुणी फोन पाहत नाही. आमच्या देवघरासमोरही इतकी शांतता नसते.

आणि तरी मला हे ध्यान म्हणवत नाही. का, ते मला तीन माणसांमुळे कळलं.

पहिली माझी शाळेतली मैत्रीण. अलिबागकडची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत त्या समाजातली. लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला गेली. घरात अजून मराठी बोलते आणि नाशिकला आली की माझ्याकडे राहते. एकदा ती आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता. तिने सकाळी काळे मनुके भिजत घातले, संध्याकाळी कुस्करून, गाळून त्यांचं सरबत केलं आणि त्याच पेल्यावर शब्बाथचा आशीर्वाद म्हटला. कोकणात पिढ्यान्पिढ्या वाईन नव्हती, म्हणून त्या लोकांनी मनुक्यांचं पाणी केलं आणि आता जिथे वाईन पाण्यासारखी मिळते तिथेही तिला तेच हवं असतं. मी तिला विचारलं, आंबवलेलं नाही, नशा नाही, मग चालतं कसं? ती म्हणाली, "अगं, आशीर्वाद द्राक्षाच्या फळाचा आहे, नशेचा थोडाच." मी सवयीने तिच्या सरबताचा वास घेतला, चूळ भरायला वाटी शोधली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. ते थुंकायचं नव्हतं. मी तो घोट घेतला. पेल्याला पवित्र करायचं तर आधी तो आत घ्यावा लागतो, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं. चर्चमध्येही ख्रिस्तप्रसादाचा थेंब वाया जाऊ देत नाहीत, पाद्री पेला पाण्याने विसळून तेही पितात. माझी पिकदाणी कुठल्याच वेदीवर बसत नाही.

दुसरे माझे सहकारी. आमच्या कॉलेजात पाली शिकवायचे. मूळ येवल्याचे. १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली त्या सभेला त्यांचे आजोबा होते. २०२२च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू द्यायचा निर्णय सरकारने घेतला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य गावभर झालं. तेव्हा मला एका कार्यक्रमात ते वाक्य सिद्ध करायला बोलावलं होतं. मी नाही म्हटलं. बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेल्या द्रवाला दारू न म्हणणं हे भाषेवर उपकार करणं नाही. द्राक्षबागायतदारांचं नुकसान होत असेल तर ते तसं सांगावं, शब्दकोश बदलू नये. त्या नकारामुळे की काय, सहकारी पुढच्या शनिवारी बैठकीला आले. पाण्याचा पेला घेऊन बसले, सगळं ऐकलं. शेवटी मी त्यांना छेडलं. पाचव्या शिलात दारूपासून दूर राहायला सांगताना कारण दिलं आहे ते प्रमादाचं, म्हणजे बेसावधपणाचं. इथे तर सगळं सावधपणाचंच काम चाललंय. मग तुम्ही एक चूळ का भरू नये?

ते म्हणाले, "मॅडम, युक्तिवाद बरोबर आहे. पण शील मी एकट्यापुरतं घेतलेलं नाही. माझ्या वस्तीतल्या पोरांनी माझ्या हातात हा पेला पाहिला, तर मी गिळलं की थुंकलं हे त्यांना दिसणार नाही. पेला दिसेल." थोडं थांबून म्हणाले, "आणि तुमच्या स्मृतीत आचमनाचं पाणी कुठवर पोचलं यावर माणसाची शुद्धी ठरते ना? ब्राह्मणाच्या छातीपर्यंत, क्षत्रियाच्या घशापर्यंत, वैश्याच्या तोंडात, शूद्राच्या नुसत्या ओठांना. आमची तर त्या यादीतही जागा नाही. तुम्ही ओठ, तोंड आणि घसा यांत फरक करता तेव्हा मला तीच यादी ऐकू येते."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी इतकी वर्षं शपथेचा अर्थ लावत होते तो शरीराच्या नकाशावर रेघा ओढून : इथवर चालेल, इथून पुढे नाही. आजीने मात्र आम्हाला एकेकटं नाही, सातही जणांना एका रांगेत उभं केलं होतं.

ज्ञानदेवांचं या संदर्भात मला नेहमी आठवतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की उपाशी माणसाचे विषय सुटतात, पण त्यांचा रस सुटत नाही. ज्ञानदेव तिथे थेट जिभेवर येतात. बाकीच्या इंद्रियांचे विषय तोडता येतील, रसनेला मात्र हट्टाने आवरता येत नाही, तिच्यावाचून जगणंच होत नाही, असा त्यांचा अभिप्राय. वरवरची पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, अशाने झाड मरेल कसं, असंही ते विचारतात. मी नेमकी उलटी माळीण. पालवी राखून मुळाचं पाणी तोडायला निघालेली. तेही पुरतं तुटत नाही. विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "थुंकलं तरी थोडी जातेच, मॅडम." आणि एकदा तर, एका बाईने झिन्फन्डेलचा वास घेऊन "सासरच्या फडताळाचा" असं गंभीरपणे सांगितलं तेव्हा मला हसू फुटलं आणि तोंडातली सगळी वाईन घशात गेली. खोकला आला, पाणी प्याले. अठ्ठावन्न वर्षांनी शपथ मोडली होती. काही झालं नाही. घसा किंचित गरम झाला आणि मागाहून एक जांभळासारखी चव राहिली. थुंकून ती कधी मिळाली नव्हती. वहीत मी ती लिहिली नाही.

तिसऱ्या आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. बैठक सुरू होऊन दोन-तीन महिने झाले असतील. रात्री पेले तसेच ओट्यावर ठेवून मी झोपले. रविवारी सकाळी सातला मावशी आल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "काही नाही." पण आत जाईनात. नाकाला पदर लावलेला. मग म्हणाल्या, "काकू, आज अंगणापासून सुरू करू का?" त्यांचं घर मला माहीत होतं. नवरा दिंडोरीकडे बागांवर छाटणीच्या टोळीबरोबर जायचा, एप्रिलात खरड छाटणी, पावसाळ्यानंतर गोडी छाटणी. हप्ता हातात पडला की दोन दिवस घरी यायचा नाही आणि यायचा तेव्हा त्याचं येणं त्यांना आधी वासावरून कळायचं. माझ्या ओट्यावर पेरू होता, करवंद होतं, मिरी होती. मावशींच्या नाकाला त्यातलं काही लागलं नाही. अन्नंभट्टाचे दोनच गंध, त्यातला दुसरा.

मनूने वास घेणाऱ्याला दोषी धरलं. ज्याला वास घ्यायचा नसताना घ्यावा लागतो त्याच्याबद्दल त्याने काही लिहिलेलं नाही.

त्यानंतर दुसऱ्या शनिवारचा क्रम ठरून गेला आहे. साडेनऊला माणसं जातात. मी मोजे काढून बाटल्या बाहेरच्या पोत्यात ठेवते, तोंडं घट्ट बंद करून. पिकदाणी मोरीत रिकामी करते. कुणी म्हणतं झाडाला घाला, मी घालत नाही. मग कोमट पाणी, खायचा सोडा, एकेक पेला दोनदा. साबण नाही, त्याचा वास पुढच्या महिन्यापर्यंत राहतो. पिकदाणीला चिंच लावून घासते. पितळ उजळायला वेळ लागतो, तेवढ्यात पेले धोतराच्या कोरड्या टोकाने पुसून कपाटात जातात. स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडते. झोपायच्या आधी एकदा दारात, मावशी थांबल्या होत्या तिथे, उभी राहून डोळे मिटून नाकाने श्वास घेते. कधी काही येत नाही. कधी कुठूनतरी येतं, मग परत सोडा कालवते.